उद्या सकाळी कळसूबाई: तयारी नसलेल्या कुटुंबासाठी

भंडारदऱ्याला शनिवारी रात्री जेवणं उरकली की हा विषय हमखास निघतो. कोणीतरी हात पुसत म्हणतं, "इथवर आलोच आहोत, तर उद्या कळसूबाई करून टाकू." पोरं उड्या मारतात, एखादी काकू "मला झेपेल ना रे?" विचारते, आणि एक दादा फोनवर बघून सांगतो की वर शिड्या आहेत, सोपं आहे. झालं, ठरलं. आणलेलं काय असतं? सँडल, दोन जीन्स, वेफर्सची पाकिटं आणि एक ब्लूटूथ स्पीकर.

मी हे नाक वर करून लिहीत नाही, कारण काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आमचंच असं झालं होतं. आम्ही आठ जण, त्यात एक सहा वर्षांचा भाचा आणि साठी ओलांडलेली आत्या. नाश्ता, फोटो, चहा असं करत पावणेअकराला पायथ्याच्या बारी गावातून चढायला लागलो. सगळ्यांत मिळून पाणी होतं पाच लिटर. सव्वातीनला माथ्यावर पोचलो, चारला उतरायला लागलो आणि सहाला सूर्य गेला. आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिघांचे फोन बंद पडले होते आणि भाचा दादाच्या खांद्यावर झोपला होता. शेवटचा दीड तास अंधारात. बारीतला एक माणूस खालून बॅटरी घेऊन वर आला आणि आम्हाला शेतांमधून उतरवलं. पैसे देऊ केले तर म्हणाला, "आधी पाणी प्या."

म्हणून हा लेख. महिनाभर आधी सराव करा, चांगले बूट घ्या, हे सगळं खरं आहे, पण शनिवारी रात्री नऊ वाजता त्या सल्ल्याचा उपयोग शून्य. हाताशी एक रात्र आणि जे सामान आहे तेवढंच, एवढं धरून काय करता येईल ते सांगतो.

डोंगर केवढा आहे

कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण आपल्याला ते सगळं चढायचं नसतं, बारी गावच मुळात उंचावर आहे. तिथून माथ्यापर्यंत चढ साधारण २७०० फुटांचा आणि चाल एका बाजूने सहा-साडेसहा किलोमीटरची. शहरी हिशोबात सांगायचं तर अडीचशेच्या वर मजले जिन्याने चढून जायचे आणि तेवढेच उतरायचे. वाट मळलेली आहे, चुकायची भीती कमी. अवघड कातळ जिथे होता तिथे लोखंडी शिड्या आणि कठडे लावलेले आहेत. त्यामुळे "सोपा" हा शिक्का बसलाय. सोपी आहे ती वाट. चढ सोपा नाही, आणि सावली फार थोडी आहे.

वेळेसाठी एक जुना हिशोब आहे. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडला: तासाला तीन मैल चाल, आणि चढाच्या दर २००० फुटांना वरून एक तास. तो कळसूबाईला लावला तर पावणेतीन तासांच्या आसपास येतात. पण हा सवयीच्या, धडधाकट माणसाचा वेळ. सोबत पोरं, आत्या आणि फोटो असतील तर दीडपट धरा. म्हणजे चढायला चार तास. उतरायला तीन, कधी साडेतीन. वर अर्धा-पाऊण तास. पूर्ण दिवस जातो, "सकाळी पटकन जाऊन येऊ" असा हा प्रकार नाही.

रात्री नऊ: माणसं मोजा

सगळे जाणार, हे गृहीत धरू नका. इथेच खरी चूक होते, कारण "मी येत नाही" म्हणायला कोणालाच आवडत नाही. घरातल्या एखाद्या शहाण्या माणसाने एकेकाला बाजूला घेऊन विचारावं. चारचौघांत विचारलं तर काकू हो म्हणणारच.

विचारायचं काय? दोन-तीन मजले न थांबता चढून गेल्यावर बोलता येतं का. उतरताना गुडघा दुखतो का. चढताना तर सगळेच धापा टाकतात, पण ज्याचा गुडघा उतारावर बोलतो त्याचा परतीचा प्रवास फार वाईट होतो. हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आवाक्यात नसलेलं ब्लडप्रेशर, दम्याचा पंप घरी राहिलेला, गरोदरपण, कालपासून बिघडलेलं पोट: यातलं काहीही असेल तर त्या माणसाने खाली थांबायचं. मधुमेह असलेल्यांना जाता येतं, पण गोळी-इन्सुलिनची वेळ आणि खाणं यांचा मेळ डॉक्टरांना फोनवर विचारून बसवा आणि ग्लुकोज किंवा साखर खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

मुलांचं म्हणाल तर सात-आठ वर्षांची, रोज मैदानात धावणारी पोरं मोठ्यांना लाजवतात. चार-पाच वर्षांचं मूल अर्ध्या वाटेत "उचल" म्हणतं, आणि शिडीवर मूल कडेवर घेऊन चढणं हा वेडेपणा आहे. पाठीवर घ्यायची नीट पिशवी आणि ती वापरायची सवय नसेल तर त्याला खाली ठेवा.

खाली राहणाऱ्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांचा दिवस आधीच आखा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची कोरीव पुष्करणी, रंधा धबधबा, विल्सन धरणाचा परिसर. माझं विचाराल तर अमृतेश्वर हा कळसूबाईपेक्षा कमी दर्जाचा बेत मुळीच नाही. शिवाय खाली राहिलेला एक माणूस गाडी चालवणारा असावा. ते का, ते शेवटी सांगतो.

त्याच माणसाकडे एक कागद द्या: कोण कोण वर गेलंय, किती वाजता निघाले, किती वाजेपर्यंत खाली दिसले नाहीत तर गावात जाऊन सांगायचं.

कोणत्या दिवशी विषयच सोडायचा

जून ते सप्टेंबर डोंगर सुंदर दिसतो आणि त्याच महिन्यांत नवख्यांचे सर्वाधिक हाल होतात. धुकं, गार वारा, शेवाळलेला कातळ, आणि रविवारी शिड्यांखाली लागलेल्या रांगा. ओल्या कपड्यांत त्या रांगेत तासभर उभं राहिलं की पोरांचे ओठ निळे पडतात. मुसळधार पावसाचा इशारा असेल किंवा रात्रभर कोसळत असेल तर नको, कारण गावाजवळचे ओढेसुद्धा परतीला फुगलेले भेटतात.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला भंडारदऱ्याला झुंबड उडते. रात्री दोनपर्यंत काजवे, सकाळी नऊला उठून कळसूबाई, हा बेत मी दोनदा ऐकलाय. उन्हाळ्याच्या टोकाला, अर्धवट झोपेवर, भर दुपारी उघड्या दांडावर! त्यातून हेच वळवाच्या विजांचे दिवस. माथा, कठडे, लोखंडी शिड्या, वीज पडायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. दुपारनंतर ढग भरून येत असतील तर सकाळी दहाच्या आत परत फिरता येईल अशाच वेळी निघा, नाहीतर सोडा.

नवख्या कुटुंबासाठी खरे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नवरात्रात वर देवीची यात्रा असते. बघण्यासारखी, पण गर्दीत पहिला ट्रेक नको.

रात्री दहा: आहे त्या सामानातून

पायात काय आहे ते आधी बघा. मागे पट्टा नसलेली चप्पल, कोल्हापुरी, सपाट तळव्याचे फॅशनचे बूट, हे सगळं बाद. नक्षी शिल्लक असलेले कोणतेही स्पोर्ट शूज चालतात. सँडल असेल तर मागचा पट्टा हवाच. तळवा उलटा करा आणि सुटतोय का ते ओढून बघा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बुटांचा तळ पहिल्याच घसाऱ्यावर अख्खा निघून येतो. अशा बुटाला सुतळीने आडवं बांधून खाली येता येतं, म्हणून दोन मीटर सुतळी जवळ ठेवा. आमच्या आत्याची चपल शेवटी ओढणीने पायाला बांधली होती. ज्यांच्याकडे काहीच धड नाही त्यांनी घोटी किंवा राजूरच्या बाजारात मिळतील ते साधे बूट घ्यावेत, नाहीतर खाली थांबावं.

पायांची नखं रात्रीच कापा. हसू नका. उतारावर बोटं दोन-अडीच तास बुटाच्या टोकावर आदळतात आणि वाढलेलं नख काळंनिळं होतं.

जीन्स ओली झाली की वाळत नाही आणि गुडघ्यात अडकते, ट्रॅकपँट किंवा सलवार बरी. साडी नेसून बारीतल्या बायका वर जातात हे खरं, पण त्या रोज चढतात. आपली ओढणी आणि मोकळे काठ शिडीच्या आधी कमरेला खोचून टाका. टोपी नसेल तर पंचा. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत प्रत्येकाकडे एक स्वेटर किंवा वारा अडवणारं जाकीट हवंच. हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे बारीपेक्षा माथ्यावर पाचेक अंश कमी, आणि वर घामेजलेल्या पाठीवर वारा. वर पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुडकुडणारी माणसं मी दरवेळी बघतो.

उजेड माणशी एक. फोनची बॅटरी हा उजेड धरू नका, फोन फोनसाठी लागतो. होमस्टेवाल्या मावशींकडे वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटऱ्या असतात. मागितल्या तर देतात, परत आणून द्या. सकाळी सगळे फोन पूर्ण चार्ज करून एक सोडून बाकीचे फ्लाइट मोडवर टाका, कारण रेंज शोधत बसला की फोन दुपारपर्यंत गार पडतो. वाटेचा नकाशा वायफाय असतानाच उतरवून घ्या.

औषधाची पिशवी छोटीच असू द्या. चिकट पट्ट्या, क्रेप बँडेज असेल तर उत्तम, ओआरएसची पाकिटं, रोजच्या गोळ्या, एक शिट्टी. ओआरएस मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका.

बायकांसाठी एक गोष्ट कोणी लिहीत नाही ती लिहितो. वाटेत आडोसा फार कमी आहे आणि माणसांची ये-जा सतत. म्हणून कित्येक जणी लघवीला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग अकरा वाजता डोकं धरून बसतात. पाणी सोडू नका. निघताना जाऊन या, वाटेत दोघी-तिघींनी मिळून एक ओढणी धरली की आडोसा होतो. पाणवठ्यापासून लांब बसा. वापरलेला कागद, पॅड सगळं बंद पिशवीत घालून खाली आणायचं.

पाणी आणि शिदोरी

मोठ्या माणसाला चालताना तासाला अर्धा लिटर धरा. सहा-सात तास चाल म्हणजे माणशी तीन-साडेतीन लिटर. आठ जणांना आमच्या पाच लिटरचा हिशोब यात कुठे बसतो बघा. शीतपेयाच्या रिकाम्या दोन लिटरच्या बाटल्या होमस्टेत मिळतात, धुऊन भरून घ्या. वाटेवर सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांची लिंबूसरबताची, ताकाची दुकानं लागतात. ती बोनस समजा. माथ्याच्या अलीकडे विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवू नका आणि तिचं पाणी गाळून-शुद्ध केल्याशिवाय पोरांना देऊ नका.

सगळं पाणी एकाच दणकट भावाच्या पाठीवर द्यायचं नाही. तो पुढे निघून जातो आणि मागे मंडळी तहानलेली राहतात. प्रत्येकाची बाटली प्रत्येकाकडे.

खाण्यात वेफर्स-फरसाण नको, तहान वाढवतं. मावशींना रात्रीच सांगून सकाळी भाकरी किंवा चपाती आणि कोरडी चटणी बांधून घ्या. गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, काकडी, उकडलेली अंडी. पोरांच्या खिशात चिक्की ठेवली की त्यांचा "अजून किती?" निम्म्याने कमी होतो. मोठ्यांचा तेवढा होत नाही.

सकाळी: परतीची वेळ आधी ठरते

पाचला उठायचं, थोडे पोहे किंवा चहा-चपाती, साडेसहाला बारीत पाय रस्त्यावर. भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून बारी गाडीने अर्ध्या तासाच्या आतच आहे. सुट्टे पैसे ठेवा, गाडी लावायला, सरबताला, वाटाड्याला. दर वेळी फोनवरून पैसे जातीलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब, आणि तो गाडीतून उतरण्याआधी मोठ्याने करायचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हाताशी एक तास राखून पाचला गावात पोचायचं. उतरायला तीन तास. म्हणजे दोन वाजता, आपण जिथे असू तिथून, पाठ फिरवायची. लहान मुलं असतील तर एक वाजता. माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरी. ही वेळ सगळ्यांसमोर ठरवा आणि पाळायचं काम गटातल्या सर्वांत कमी हौशी माणसाकडे द्या. आमच्या घरात ते वहिनींकडे आहे. त्यांनी दुसऱ्या खेपेला आम्हाला शेवटच्या शिडीखालून परत आणलं होतं, भावाने दोन दिवस तोंड पाडलं होतं.

निघायलाच दहा वाजले असतील तर माथा विसरा आणि पहिल्या शिडीपर्यंतचा बेत करा. गावाच्या वर, चढाच्या सुरुवातीलाच देवीचं एक छोटं देऊळ आहे. ज्यांना माथा जमत नाही ते तिथेच नारळ फोडतात. म्हणजे अर्ध्यातून परतण्याची सोय खुद्द देवीनेच करून ठेवली आहे.

शक्य असेल तर बारीतला एक जण सोबत घ्या. वाटेसाठी गरज नसते, पण कोणाला मधूनच खाली पाठवायचं झालं तर सोबत लागते. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, कंटाळा येईल इतकं हळू. गावातून भातखाचरांमधून वाट जाते तिथे सगळ्यांना जोर असतो, पोरं पळतात, आणि खरा चढ सुरू झाला की वीस मिनिटांत अर्धे जण दगडावर बसतात. बोलत चालता आलं पाहिजे, हा वेग. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे.

पुढे एक, मागे एक असे दोन मोठे ठरवा. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही. सर्वांत हळू चालणारं माणूस पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे वेग त्याचा राहतो. नाहीतर काय होतं, पुढचे थांबतात, विश्रांती घेतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी पुढचे उठतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं उभ्याउभ्याच थांबा, घोटभर पाणी. तासाने एकदा बसून दहा मिनिटं, थोडं खाणं. त्याहून जास्त बसलात तर पाय आखडतात. आणि स्पीकर बंद ठेवा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, शिवाय मागच्याने मारलेली हाक गाण्यात ऐकू येत नाही. उग्र अत्तर, धूर, मोहोळावर दगड, यातून सह्याद्रीत आग्या माश्यांचे हल्ले झालेले आहेत. मोहोळ दिसलं तर गप्प पुढे.

शिड्या

मोठ्या शिड्या तीन-चार आहेत. मजबूत आहेत, पण उंचीची भीती असलेल्याला त्या तिथेच कळतात. कोणाचे पाय लटपटायला लागले तर चिडवू नका, खेचू नका. एक जण त्याच्यासोबत खाली थांबू द्या.

शिडीवर तीन आधार कायम: दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय. हात मोकळे, म्हणून फोन आणि काठी सॅकमध्ये. चढताना मोठा माणूस मुलाच्या लगेच खाली. उतरताना मोठा आधी उतरतो, मूल त्याच्या वर, आणि तोंड शिडीकडे, जिना उतरतो तसं बाहेर नाही. मधे थांबून सेल्फी काढणाऱ्याला मागून येणाऱ्या चाळीस माणसांची रांग शिव्या घालते, आणि त्या योग्य असतात. गर्दीत खालून-वरून एकदम लोंढा आला तर बाजूला थांबून उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर शिडी, कठडा, दांड, एकटं झाड, सगळ्यापासून दूर होऊन खाली सरकायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर नाही.

माथ्यावर

जागा लहान आहे, मधे देवीचं छोटंसं देऊळ. आधी स्वेटर घाला, मग फोटो. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे, दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, त्यामागे रतनगड, हवा स्वच्छ असेल तर लांब हरिश्चंद्रगड. देवीची गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी पायथ्याच्या गावात कामाला राहिली, अट एकच, झाडलोट आणि भांडी करणार नाही. एक दिवस तिला तीच कामं करायला लावली, तेव्हा ती निघाली आणि थेट या डोंगरावर येऊन राहिली. वहिनींना ही गोष्ट फार पटली. खाली यायला तयार नव्हत्या.

माकडं दिसली तर पिशव्या बंद. आणलेलं सगळं प्लास्टिक परत न्यायचं, संत्र्याची सालंसुद्धा.

उतार

इथे सगळे सैल होतात आणि इथेच माणसं पडतात. मांड्या थकलेल्या असतात, लक्ष घरी गेलेलं असतं. निघण्याआधी बुटाच्या नाड्या घट्ट करा, पाय पुढे सरकता कामा नये. गुडघा किंचित वाकवून, छोटी पावलं. मुरमाच्या घसाऱ्यावर पाय आडवे टाका, उंच दगडावरून उडी मारू नका, बसून उतरण्यात लाज नाही. गुडघेवाल्याला चांगली काठी द्या. पोरांना पळू देऊ नका. खाली माणसं असतात, सुटलेला दगड थांबत नाही. आणि जवळची वाट म्हणून मळलेली वाट सोडू नका.

बिघडलं तर

पोटरीत गोळा आला तर बसवून पाय सरळ, पावलाची बोटं हळूहळू अंगाकडे ओढायची, ओआरएस प्यायला द्यायचं. बुटात एका जागी चुरचुरायला लागलं की लगेच थांबून तिथे चिकट पट्टी लावा, फोड आल्यावर उशीर होतो. घोटा मुरगळला आणि चालत खाली जायचंच असेल तर बूट काढू नका, काढला तर सुजेमुळे परत चढत नाही. वरूनच बँडेज किंवा ओढणी आवळा, काठी आणि एक खांदा द्या.

चक्कर, मळमळ, भरपूर घाम, डोकं जड: सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, ओलं फडकं मानेला आणि काखेत, घोटघोट पाणी. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, तर तो उष्माघात आहे. असेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम आला तर त्या माणसाला एक पाऊलही चालवायचं नाही.

साप सहसा दिसत नाही. फुरसं दगडाखाली असतं, म्हणून न बघता दगडावर हात टाकू नका, दगड उलटू नका. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. अंगठी-कडं काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला उचलून खाली न्या आणि थेट प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात.

मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. रेंज नसेल तर दोघांना खाली गावात पाठवा, एकट्याला नको. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही स्वयंसेवी गिर्यारोहकांची यंत्रणा डोंगरातल्या शोध-बचावाचं काम करते, तिचा मदत क्रमांक रात्रीच शोधून दोन फोनमध्ये घालून ठेवा. अंधार गाठलाच तर पांगू नका. एका उजेडामागे दोघं, वाट संपल्यासारखी वाटली तर तिथेच थांबून शिट्टी.

खाली आल्यावर

बारीत पोचलात की कागदवाल्या माणसाला आधी फोन करा, चहा नंतर. मग चहा, पिठलं-भाकरी, जे मिळेल ते गावातच खा.

आणि गाडी. पाचला उठलेला, आठ तास चाललेला, पोटभर जेवलेला माणूस संध्याकाळी घोटीमार्गे कसारा घाट उतरायला बसतो, हा त्या दिवसातला सर्वांत धोक्याचा तास आहे. म्हणून मघाशी म्हटलं की खाली राहणाऱ्यांत एक चालवणारा हवा. तो नसेल तर आणखी एक रात्र राहा आणि सोमवारी पहाटे निघा. आम्ही आता तसंच करतो. सोमवारी ऑफिसला उशीर होतो, आणि तसाही त्या दिवशी जिना कठड्याला धरून, एकेक पायरी आडवं होत उतरावा लागतोच.